मुलांना अभ्यासाची ओढ लागावी म्हणून

रविवार हा वसतिगृहातील भेटीचा दिवस. कोणी एस.टी.ने येते, कोणी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून, तर कोणी दोन ठिकाणी गाडी बदलून. पडवीत भाकरीचे गाठोडे सुटते, मुलाच्या अंगावरून हात फिरतो, आणि ख्यालीखुशाली विचारून होते न होते तोच पालक शिक्षकांकडे वळून विचारतात, ‘सर, आमचं पोरगं अभ्यास करतं का?’ हा प्रश्न प्रत्येक निवासी शाळेत, प्रत्येक रविवारी विचारला जातो. त्यामागची तळमळ आम्हां शिक्षकांना परकी नाही. जे आपल्या वाट्याला आले नाही ते लेकराच्या वाट्याला यावे, या एकाच आशेवर या माणसांनी पोटचा गोळा दूर ठेवलेला असतो. परंतु त्या प्रश्नाला जोडून बहुतेक वेळा आणखी एक वाक्य येते. ‘आम्ही अडाणी माणसं, आम्हाला त्यातलं काय कळतं? तुम्हीच बघा.’ प्रस्तुत लेख या दुसऱ्या वाक्याविषयी आहे. मुलाच्या अभ्यासात अशिक्षित पालकाला काही करता येत नाही ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजली आहे, आणि ती खरी नाही.

बालपणीच्या भीमरावांच्या अभ्यासाविषयी आपण सर्वांनी ऐकलेले आहे. जयंतीच्या व्याख्यानांतून ते वारंवार सांगितले जाते. मात्र सांगताना भर असतो तो मुलाच्या जिद्दीवर. त्या जिद्दीसाठी घरात कोणी जागा करून दिली हे ओझरतेच येते. परळच्या चाळीत एका खोलीत सारे कुटुंब राहत असे. स्वयंपाक तेथेच, झोपणे तेथेच, अभ्यासही तेथेच. अशा खोलीत संध्याकाळी पुस्तक उघडून काही उपयोग नव्हता. म्हणून सुभेदार रामजी सकपाळ मुलाला लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून मग आपण आडवे होत. सारी चाळ निजलेली असताना मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात भीमराव वाचीत. सुभेदार शिकलेले होते, त्यांनी मुलाला इंग्रजी आणि गणित शिकविले, हे खरेच. पण रात्री दोनच्या या व्यवस्थेत त्यांचे शिक्षण कामाला आले नाही. कामाला आली ती त्यांची झोपमोड. पुस्तकांसाठी पैसे नसले म्हणजे ते विवाहित मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडत. वेळ, जागा आणि साहित्य या तीन गोष्टी त्यांनी मुलापुढे आणून ठेवल्या. यांपैकी एकाही गोष्टीसाठी पालकाला अक्षरओळख असावी लागत नाही.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आपले मूल घरी येते तेव्हा त्याला यांतील काय मिळते, हे पालकांनी स्वतःशी तपासून पाहावे. घरातील टी.व्ही. सायंकाळी सातपासून साडेआठपर्यंत बंद राहतो काय? पाहुणे आले असता प्रथम अभ्यासाला बसलेल्या मुलीलाच चहा टाकावयास उठविले जाते काय? (मुलाला नव्हे, मुलीलाच, हे येथे मुद्दाम नमूद करतो.) ऊसतोडीसाठी कारखान्याच्या तळावर गेलेल्या आईबापांकडे मूल सुट्टीत जाते तेव्हा कोपीतील परिस्थिती आम्हांस ठाऊक आहे. तेथे टेबल-खुर्ची मागणे हे क्रौर्य ठरेल. परंतु पहाटे माणसे फडात गेल्यावर तासभर मुलाला कोपीत पुस्तकासह राहू देणे, त्या तासात त्याच्यावर धाकट्या भावंडांची आणि चुलीची जबाबदारी न टाकणे, एवढे त्या तळावरही काही मातांनी केलेले आम्ही पाहिले आहे.

आता गुणांविषयी. स्मरणिका म्हटली की गुणवंतांची छायाचित्रे असावयाचीच, आणि ती असावीत. मुलांना त्याचा आनंद होतो. तथापि एक आकडा या निमित्ताने सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९०७ साली भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. म्हणजे शेकडा ३७.६. आपल्या स्मरणिकेतील गुणवंतांच्या पानावर हा विद्यार्थी बसला नसता! त्या काळची मॅट्रिक आणि आजची दहावी यांची सरळ तुलना होत नाही, हे मान्यच आहे. ती परीक्षा अवघड होती आणि तेथवर पोहोचणारेच थोडे असत. शिवाय या विद्यार्थ्याला संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही फारसी घ्यावी लागली होती. तरीही त्या यशाबद्दल सत्काराची सभा भरली. समाजसुधारक सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. सत्कार झाला तो मुलगा पहिला आला म्हणून नव्हे. त्याच्या समाजातील मुले जेथवर पोहोचत नव्हती तेथवर तो पोहोचला, म्हणून तो सत्कार होता. पुढे १९१३ साली तो कोलंबिया विद्यापीठात गेला आणि मॅट्रिकनंतर सोळा वर्षांनी, १९२३ साली, लंडन विद्यापीठाचा डी.एस्सी. झाला. पस्तीस-चाळीस टक्क्यांच्या गुणपत्रिकेकडे पाहून मुलाची किंमत ठरविणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनीही हा सोळा वर्षांचा काळ ध्यानी घ्यावा.

बाबासाहेबांच्या प्रदीर्घ वाचनाच्या स्मरणार्थ जयंतीच्या सुमारास अनेक महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत सलग अठरा तास अभ्यास करण्याचा उपक्रम होतो. अभिवादनाची ही पद्धत मला हारतुऱ्यांहून अधिक आवडते. परंतु त्या एका दिवसाच्या अभिवादनाचे काही उत्साही पालक वर्षभराचे वेळापत्रक करू पाहतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पहाटे चारला उठवून रात्री अकराला झोपविणे, खेळाचा तास कापणे, ‘बाबासाहेबांनी केलं, तुला काय होतं?’ असे ऐकविणे, याने अभ्यास वाढत नाही. पुस्तकासमोर बसून राहण्याची वेळ तेवढी वाढते.

विनयपिटकात सोण कोळिविस नावाच्या तरुणाची हकीकत आहे. चंपानगरीच्या अतिश्रीमंत घरातला हा मुलगा भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने इतका कठोर प्रयत्न आरंभिला की येरझारा घालून घालून त्याचे तळपाय फुटले आणि चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही काही साधत नाही असे पाहून, घरी परत जावे आणि संपत्ती भोगून दानधर्म करावा, असा विचार त्याच्या मनात येऊ लागला. तथागत त्याच्याकडे आले. त्यांनी त्याला आळशी म्हटले नाही, की त्याच्या प्रयत्नांची वाहवाही केली नाही. तो घरी असताना वीणा वाजवीत असे, तेवढीच गोष्ट त्यांनी काढली. तारा फार ताणल्या तर वीणा वाजे काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही प्रश्नांना त्याचे उत्तर ‘नाही’ असेच होते. मग प्रयत्नाची तारही तशीच जुळविली पाहिजे, असे त्यांनी त्याला सांगितले.

येथे दोन बाबी पालकांनी पाहाव्यात. पहिली ही की, घरी परत जाण्याचा विचार आळशी भिक्खूच्या मनात आला नव्हता. तो सर्वांत जास्त राबणाऱ्याच्या मनात आला होता. वसतिगृह सोडून जाण्याच्या गोष्टी करणारे मूल पुष्कळदा असेच असते. दुसरी बाब अशी की, उदाहरण त्याच्याच हातातल्या वाद्याचे होते. कबड्डी खेळणाऱ्या मुलाला दम राखण्याची गोष्ट सांगावी, शेतकऱ्याच्या मुलीला पाण्याच्या पाळ्यांची. पीक एका दिवसात महिन्याचे पाणी पीत नाही, हे तिला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

याहून महत्त्वाची, आणि शिक्षणसंस्थांनी विशेष मनावर घ्यावी अशी हकीकत चुल्लपंथकाची. दोघे भाऊ संघात होते. थोरला महापंथक बुद्धिमान. धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढचे शिकावे तर मागचे विसरावे, अशी त्याची गत. थोरल्याने त्याला निघून जावयास सांगितले. त्याच सुमारास जीवक वैद्याने संघाला भोजनाचे निमंत्रण दिले. भोजनास येणाऱ्या भिक्खूंची गणना करण्याचे काम महापंथकाकडे होते. त्याने धाकट्या भावाला वगळून संख्या सांगितली. चीवर उतरवून घरी जाण्याच्या विचाराने चुल्लपंथक पहाटे निघाला, तेव्हा बुद्ध त्याला दाराशी भेटले. त्यांनी त्याच्या मस्तकावरून हात फिरविला, त्याला दंडाला धरून आत नेले आणि गाथेऐवजी एक स्वच्छ वस्त्र दिले. ते हाताने चोळीत राहावयाचे आणि मळ निघून जाण्याविषयीचा एकच छोटा शब्द म्हणत राहावयाचे, एवढाच पाठ. वस्त्र चोळता चोळता ते मळले. स्वच्छ वस्तू कशी मळते हे त्याने आपल्या बोटांखाली पाहिले आणि ज्याला एक गाथा येत नव्हती तो अर्हत् झाला.

या कथेकडे शिक्षक म्हणून पाहिले की एक गोष्ट जाणवते. विद्यार्थी तोच राहिला, पाठ बदलला. कानाने न शिकणाऱ्याला हाताने शिकविले गेले. अपूर्णांक समजत नसलेल्या मुलाला पाढे दहा वेळा लिहावयास लावणे म्हणजे महापंथकाचा मार्ग. त्याच्यासमोर भाकरीचे चार भाग करणे हा दुसरा मार्ग. परंतु खेदाने म्हणावे लागते की महापंथकाचा मार्ग आज निकालाच्या नावाखाली प्रतिष्ठा पावला आहे. शंभर टक्के निकालाचा फलक लावता यावा म्हणून काही शाळा नववीतल्या कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून घेतात आणि ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा’ असा सल्ला देतात. सतरा नंबरचा अर्ज ही खासगीरीत्या परीक्षेस बसणाऱ्यांची सोय आहे. ज्यांची शाळा सुटली, ज्यांना काम करीत शिकावे लागते, त्यांच्यासाठी ती मोलाची आहे. शाळेत नियमित येणाऱ्या मुलाला गणनेतून वगळण्यासाठी ती नाही. ज्या दिवशी त्या मुलाला शिक्षकांची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसापासून त्याचे शिक्षक सुटतात आणि आईबाप मात्र शाळेने काही मार्ग काढून दिला या समजुतीने हात जोडून परततात. तथागतांचे नाव घेणाऱ्या संस्थेचा निकाल नव्वद टक्के लागला तरी चालेल. भोजनाच्या पंक्तीतून एकही मूल वगळले जाता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेला देणगी देताना निकालाचा आकडा अवश्य विचारावा, आणि नववीच्या वर्गात किती मुले होती व दहावीला त्यांपैकी किती बसली, हेही विचारावे.

अभ्यास कसा करावा याविषयी आता थोडे. आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचन, आणि जास्त अभ्यास म्हणजे तेच पुन्हा वाचणे, अशी पद्धत आहे. जर्मनीतील एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या निरर्थक अक्षरसमूहांपैकी बराच भाग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात निसटतो, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. म्हणून रविवारी सहा तास बसण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात अर्धा-अर्धा तास बसणे अधिक फळते. दुसरा प्रयोग अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांचा, २००६ सालचा. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा वाचल्यावर ‘मला येते’ असे वाटते ते त्या पाच मिनिटांचे खरे असते, आणि बोर्डाची परीक्षा काही पाच मिनिटांनी होत नाही.

याचा उपयोग अशिक्षित पालकाला सर्वाधिक आहे, हे ऐकून नवल वाटेल. मूल घरी आले म्हणजे त्याला पुस्तक मिटावयास सांगा आणि म्हणा, ‘आज काय वाचलंस ते मला सांग.’ ज्याला विषय ठाऊक आहे तो श्रोता मध्येच वाक्य पूर्ण करून देतो, चूक सुधारतो, कंटाळतो. ज्याला ठाऊक नाही तो विचारतो, ‘म्हणजे काय रं?’ या एका प्रश्नाने मुलाला स्वतःच्या शब्दांत मांडणी करावी लागते. आपल्याला कळले नाही असे आईने सांगितले की मुलालाही आपल्याला नेमके कोठे कळलेले नाही ते उमगते. आठवड्याच्या फोनवरही ‘जेवलास का’ याच्या नंतर ‘मार्क किती’ ऐवजी ‘नवीन काय शिकलास’ असे विचारता येईल. फोन दोन मिनिटे लांबेल, एवढेच.

अशा परीक्षेची परंपराही आपलीच आहे. ज्याच्या भोजनाचा उल्लेख वर आला तो जीवक तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकला. शिक्षण संपणार केव्हा, असे त्याने आचार्यांना विचारले. आचार्यांनी त्याच्या हाती कुदळ देऊन सांगितले की तक्षशिलेभोवती एक योजनभर फीर आणि औषध नाही अशी जी वनस्पती दिसेल ती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषध नाही असे त्याला काहीच आढळले नव्हते. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगितले आणि वाटखर्चाला थोडी शिदोरी दिली. घरीही असे प्रश्न पुष्कळ असतात. आठवीतील मुलीला बचत गटाच्या कर्जाचे व्याज काढावयास सांगा. नववीतल्या मुलाला पायरी मोजून शेताचा तुकडा किती गुंठे भरतो ते विचारा. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, इतके त्याला ठाऊक असले की पुरे. विजेचे बिल त्याच्याकडून वाचून घ्या. ज्या दिवशी त्याचे गणित घरच्यांच्या उपयोगी पडते, त्या दिवशी अभ्यासाविषयी वेगळा उपदेश करावा लागत नाही.

बक्षिसाचे आमिष मात्र जपून दाखवावे. ‘नव्वद टक्के पाड, गाडी घेतो’ हे वचन आजकाल मोलमजुरी करणारा बापही कर्जाच्या भरवशावर देऊन बसतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र देऊ असे आधी सांगितले. काहींना न सांगता नंतर दिले, तर काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिले तेव्हा, आधी आमिष दाखविलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नव्हती. बालवाडीवरून दहावीचे सारे काही ठरत नाही, हे कबूल. तरी दिशा ध्यानात यावी. यशानंतर आनंदाने एखादा शब्दकोश, एखादी सायकल अवश्य द्यावी. सौदा करू नये.

परीक्षेच्या दिवसांविषयी फार लिहीत नाही. शिक्षक ते वर्गात सांगतातच. आदल्या रात्री पुरेशी झोप हवी. गणितात उत्तर चुकले तरी पायऱ्यांना गुण असतात, म्हणून प्रश्न कोरा सोडू नये. आणि पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच उभे करून प्रश्नपत्रिका तपासत बसू नये. उद्याचा पेपर असतो.

सर्वांत जपावयाचे दिवस निकालाचे. एखाद्या विषयात पस्तीस गुण मिळाले नाहीत म्हणजे मुलगा कामाला आणि मुलगी सोयरिकीला, असे निर्णय त्याच आठवड्यात होऊन जातात. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे येथील वाचकांना सांगावयास नको. सांगावयाचे आहे ते निराळेच. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत मंडळाची पुरवणी परीक्षा होते. त्याच वर्षी उत्तीर्ण होता येते. एक किंवा दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीला प्रवेशही मिळू शकतो. पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेमार्फतच भरावयाचा असतो आणि त्याची मुदत थोडी असते. नापास झालेले मूल लाजेने गुणपत्रिका घेण्यास येत नाही आणि बहुधा तेवढ्यानेच मुदत टळते. म्हणून निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात पालकांनी स्वतः मुलाला बरोबर घेऊन शाळेत यावे. शेजारीपाजारी असे मूल असेल आणि त्याचे आईबाप कामावर दूर असतील, तर माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी त्याला घेऊन यावे. येताना मुलाचे आधार कार्ड आणि परीक्षेचे प्रवेशपत्र आणावे. उरलेले कार्यालयात पाहता येते.